बिस्त्रोच्या पाटीवर चारच मुख्य पदार्थ असावेत का?

मूळ धागा

फ्रान्समधल्या छोट्या बिस्त्रोत, म्हणजे साध्या खाणावळीत, जेवायला गेलो, की मी बसण्याआधी भिंतीवरची पाटी वाचतो. सुरुवातीचे तीन-चार पदार्थ, तितकेच मुख्य पदार्थ आणि दोन-तीन गोड पदार्थ खडूने लिहिलेले असतील, तर निर्धास्तपणे बसतो. छायाचित्रे छापलेले जाडजूड मेनूकार्ड समोर आले, तर उठून जावेसे वाटते. वीस-पंचवीस खुर्च्यांच्या जागेत स्वयंपाकघर चार पावलांचे असते, तिथे दोन माणसे राबत असतात, आणि त्या दोघांच्या हातून चाळीस पदार्थ ताजे होणे शक्य नाही.

गेल्या हिवाळ्यात ल्योंमधल्या एका बिस्त्रोत दुपारी जेवत होतो. शेजारच्या टेबलावर ब्लांकेतची शेवटची थाळी गेली आणि वेटरने ओल्या फडक्याने पाटीवरची ती ओळ पुसून टाकली. नंतर आलेल्या एका जोडप्याने नेमकी तीच मागितली, तेव्हा त्याने दिलगिरी व्यक्त करून पाटीकडे बोट दाखवले. वासराचे मांस मंद आचेवर दीड-दोन तास शिजवून मलईच्या पांढऱ्या रश्श्यात वाढला जाणारा हा पदार्थ संपला, की त्या दिवसापुरता संपला. जिथे तो कधीच संपत नाही, तिथे तो कुठून येतो, हे विचारायला हवे. म्हणून छोटी पाटी मला ताजेपणाची सर्वांत भरवशाची खूण वाटते. इतरांचे मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. पाटीवर खडूने कोणीही काहीही लिहू शकतो. बदकाच्या तंगडीचे कोंफी, म्हणजे चरबीत शिजवून टिकवलेले मांस, घ्या. ते हवाबंद पाकिटांत आणि डब्यांत तयार मिळते, ओव्हनमध्ये कातडी कुरकुरीत केली की काम झाले, आणि चार ओळींच्या पाटीवर ते अगदी शोभून दिसते. ही अडचण फ्रेंच सरकारलाही जाणवली होती, म्हणूनच २०१४ मध्ये ‘फे मेझों’, म्हणजे ‘घरी बनवलेले’, या शब्दांसाठी नियम झाला आणि छपराखालच्या पातेल्याचे चिन्ह आले. त्यातही कच्चा माल गोठवलेला असला तरी चालतो, त्यामुळे ते चिन्ह पाहूनही प्रश्न विचारावाच लागतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मी मांस खात नाही, आणि चार ओळींच्या पाटीवर माझ्यासाठी बहुतेक वेळा एकही ओळ नसते. एकदा पॅरिसमध्ये कांद्याचे सूप निर्धोक समजून मागवले. वरचा चीजचा थर चमच्याने फोडला, पहिला घोट घेतला आणि रस्सा हाडांचा आहे, हे लगेच कळले. विचारल्यावर उत्तर मिळाले, की हे सूप असेच करतात. ते खरेही आहे, पण त्या दिवशी मी पाव आणि लोणी खाऊन उठले.

धागाकर्त्याचे उत्तर

सुपाचा अनुभव वाचून वाईट वाटले. कोंफीबद्दल मात्र थोडे भांडतो. मांस मीठ लावून चरबीत तासन्‌तास शिजवायचे आणि त्याच चरबीखाली टिकवायचे, ही नैऋत्य फ्रान्सची साठवणुकीची रीत आहे. ते आधी करून ठेवलेले असणारच. ते त्या स्वयंपाकघरात झाले की कारखान्यात, एवढाच प्रश्न उरतो. शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशी फोन करावा, असे मी सुचवेन. शेफ सकाळी बाजार करतो, त्याआधी कळले तर तो सोय करतो.

प्रतिसाद २

दोघेही पाटीकडे पाहत आहेत, तिथे किती माणसे जेवतात याकडे कोणीच पाहत नाही. पॅरिसचे ‘बुयों शार्तिये’ हे मोठे, स्वस्त भोजनालय १८९६ पासून चालू आहे. तिथले मेनूकार्ड लांबलचक असते, दर माफक असतात, वेटर टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो. तिथे शेकड्यांनी माणसे जेवतात, म्हणून एवढे पदार्थ खपतात. छोट्या बिस्त्रोचा वारसा निराळा आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य भागातून पॅरिसला आलेली कुटुंबे एकाच दुकानात लाकूड, कोळसा आणि वाइन विकत, आणि अशा ठिकाणी साधे जेवणही मिळू लागले. (१८१४ मधल्या रशियन सैनिकांनी ‘बिस्त्रो’, म्हणजे ‘लवकर’, असे ओरडण्यावरून हे नाव पडल्याची, पॅरिसच्या मोंमार्त्र भागात सांगितली जाणारी कथा मला पटत नाही, हा शब्द छापील फ्रेंचमध्ये १८८० च्या दशकात दिसू लागतो.)

माझा आक्षेप आजच्या बिस्त्रोंवर आहे. ईव्ह कांदबोर्द या शेफने १९९२ मध्ये पॅरिसच्या चौदाव्या विभागात ‘ला रेगालाद’ सुरू केले आणि बड्या हॉटेलात शिकलेले कौशल्य साध्या टेबलावर, आवाक्यातल्या ठरावीक दरात आणले. पुढे त्याला ‘बिस्त्रोनोमी’ (बिस्त्रो आणि गॅस्ट्रोनॉमी, म्हणजे उच्च पाककला, यांचा जोडशब्द) म्हणू लागले. आता तीच छोटी पाटी दाखवून भरपूर पैसे घेतात आणि वर दीड तासात टेबल रिकामे करायला सांगतात. मी एका ठिकाणी गोड पदार्थ अर्धा खाल्लेला असताना, न मागता बिल समोर आले. फ्रान्समध्ये बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, या सौजन्यावरच माझे बिस्त्रोप्रेम उभे होते.

प्रतिसाद ३

वीस खुर्च्यांवर संध्याकाळी दोन पंगती बसवल्याशिवाय भाडे निघत नाही, हे मी असा व्यवसाय जवळून पाहिल्यामुळे सांगतो. फ्रान्समध्ये सेवाशुल्क छापील किमतीतच धरलेले असते, जेवणाबरोबर साध्या पाण्याची सुरई फुकट द्यावी लागते, पावाची टोपलीही बिलात धरत नाहीत, त्यामुळे कमाई टेबल पुन्हा भरण्यावरच अवलंबून राहते. वेळेची मर्यादा टेबल राखून ठेवतानाच सांगायला हवी, हे मात्र मान्य.

प्रतिसाद १ चे उत्तर

आदल्या दिवशी फोन करायला माझी हरकत नाही. पण वाटेत भूक लागली म्हणून शिरणाऱ्या माणसालाही पाटीवर एक ओळ मिळावी, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यासाठी बिस्त्रोला परका पदार्थ शोधावा लागत नाही. व्हिनेग्रेतमधला (तेल-व्हिनेगरच्या मिश्रणातला) उकडलेला लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची जाड पात, मलई आणि लसूण घालून ओव्हनमध्ये भाजलेले बटाट्याच्या कापांचे ग्रातँ, फ्रान्सच्या प्युई भागातल्या हिरव्या मसुरांचे कोमट सलाड हे सगळे त्याच स्वयंपाकघरातले आहे. ग्रातँ तर स्टेकच्या बाजूला रोज वाढतातच. तेच मोठ्या बशीत, सोबत थोडा हिरवा पाला घालून द्या आणि पाटीवर पाचवी ओळ लिहा.