दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: तिकिटावर तीनच तास कसे?

रामबाग_इंदूर:
नमस्कार मंडळी, आईबाबा डिसेंबरात धाकट्या बहिणीकडे चाललेत, इंदूरहून दिल्ली आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को थेट. नेटवर अंतर १२,४०० किमीच्या आसपास दाखवतंय, ताशी ९०० धरलं तर चौदा तासांत पोचायला हवं, पण तिकिटावर दिल्लीहून पहाटे ३:३० ला निघून त्याच तारखेला सकाळी ६:३० ला पोचतं असं लिहिलंय. बाबांचे गुडघे दुखतात हो, एका जागी नक्की किती वेळ बसायचंय ते कळलं तर त्यांची तयारी करून घेता येईल.

आकाशवेडा:
दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. डिसेंबरात ते लोक आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, म्हणजे तिथले सकाळी ६:३० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ८. पहाटे ३:३० पासून मोजा, साडेसोळा तास. मार्च ते नोव्हेंबर त्यांची घड्याळं तासभर पुढे असतात तेव्हा फरक साडेबारा होतो. आणि हे साडेसोळा तास इथल्या गेटवरून विमान हलल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंतचे, सगळे हवेतले नाहीत.

मांडवी_बडोदा:
अंतराचं मी सांगते. ते १२,४०० म्हणजे गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून बघा, तो तिबेटच्या पठाराच्या पश्चिम कडेवरून, पश्चिम चीन, सायबेरिया करत उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्काकडे उतरतो. पण विमानं तिबेटवरून जायचं शक्यतो टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथे जमीनच त्याहून उंच. त्यात कुठल्या देशाची हवाई हद्द कधी बंद होईल सांगता येत नाही, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केली तेव्हा पश्चिमेकडची विमानं वळसा घालून जायला लागली.

आणि लांबचा रस्ता म्हणजे जास्त वेळ असंही नाही! ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हेच विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, १३,९०० च्या जागी सुमारे १५,३०० किमी, तरी वेळ जवळपास दोन तास कमी, साडेचौदा तासांत पोचलं. वरती पश्चिमेकडून पूर्वेकडे जो जोरदार वारा असतो ना, जेट स्ट्रीम, तो मागून मिळाला म्हणून. मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं.

रामबाग_इंदूर:
वा, मनापासून थँक्यू दोघांना! मग येतानाही साडेसोळाच धरू का?

मांडवी_बडोदा:
नको, तोच वारा समोरून आला तर वेळ वाढतो, रस्ताही बदलू शकतो, त्यामुळे परतीचं तिकीट वेगळं मोजा. येताना तारीख पुढची असते, दिल्ली-इंदूर बुक करताना ती नीट बघा.

सराफा_नाइट:
दादा, इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को एकाच पीएनआरवर घ्या, पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं सुटलं तर दुसऱ्याची सोय करणं कंपनीकडे येतं. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, दिल्लीला टर्मिनल ३ मध्ये चालणं खूप आहे. काकांना आइलची सीट द्या, मध्ये मध्ये उठून दोन फेऱ्या मारता येतात, आणि गुडघ्याच्या गोळ्या हातातल्या बॅगेत डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.