मदत हवी आहे: टास्क सुटतं, पण मराठीत सुटतं (सातवी, इंग्रजी)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. सातवीच्या पटावर 38 मुलं आहेत. आपल्याकडे 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीत येईपर्यंत मुलांचं सहा वर्षं इंग्रजी झालेलं असतं. धडा वाचतात, शब्दार्थ पाठ असतात, प्रश्नातला शब्द धड्यात शोधून ती ओळ उत्तर म्हणून उतरवतात. पण ‘काल संध्याकाळी काय केलंस?’ एवढं इंग्रजीत विचारलं की सगळा वर्ग खाली बघतो.

म्हणून दिवाळीनंतर आठवड्यातले दोन तास टास्कसाठी ठेवले. व्याकरणाचा मुद्दा आधी शिकवून त्यावर स्वाध्याय देण्याऐवजी मुलांना खरं काहीतरी सोडवायला द्यायचं आणि ते सोडवताना भाषा वापरली जाईल, अशी कल्पना. पहिलं टास्क एसटीचं. मी स्टँडवरच्या फलकासारखं एक वेळापत्रक बनवलं. जोडीतल्या एकाच्या कागदावर गाड्या सुटण्याच्या वेळा, दुसऱ्याच्या कागदावर पोचण्याच्या. आजीला अकराच्या आत अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायचंय, तर माजलगावहून कोणती गाडी धरायची? एकमेकांना विचारल्याशिवाय उत्तर निघत नाही.

मुलं तुटून पडली. एरवी मागच्या बाकावर झोपणारा मुलगा उभा राहून भांडत होता. पण भाषा कोणती? ‘तुझ्यात नवाची हाय का? मंग ती पोचती कधी?’ पाच मिनिटांत बहुतेकांचं उत्तर बरोबर आलं आणि इंग्रजीचं एक वाक्यही झालं नाही. मी ‘इंग्लिश, इंग्लिश’ म्हणत फिरले तेव्हा बोलणं बंद झालं आणि दोघांनी कागद शेजारी-शेजारी धरून गुपचूप उत्तर काढलं.

तीन आठवडे हेच चाललंय. मराठी बोलल्यास दंड वगैरे मला करायचं नाही. घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारी नऊ मुलं वर्गात आहेत, त्यांच्यासाठी मराठीसुद्धा शिकलेली भाषा आहे. त्यांचं तोंड पुन्हा बंद करायला मन धजत नाही. मग इंग्रजी यात येणार कुठून? माझं टास्क चुकतंय की पद्धत? आणि एक वेगळी अडचण: ऊसतोडीला गेलेल्या घरांतली सात मुलं मार्चच्या सुमारास परत येतील, त्यांना मधूनच यात कसं घ्यायचं? कुणी प्रत्यक्ष वर्गात केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: डस्टर

ताई, तुमचं टास्क उत्तम आहे, फक्त ते जोड्यांच्या हातात फार लवकर गेलं. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत जो बंगळूर प्रकल्प चालवला, त्यातही रेल्वेची वेळापत्रकं आणि नकाशे होते. साधनं म्हणजे फळा, खडू, कागद. पण तिथे गटकार्य मुद्दाम टाळलं होतं. मुलामुलांत बोलताना एकतर मातृभाषा येणार, नाहीतर एकमेकांचं कच्चं इंग्रजी कानावर पडणार, आणि नवं इंग्रजी शिक्षकाकडूनच मिळणार, असा त्यांचा विचार होता.

त्यांच्या वर्गात आधी एक टास्क सगळ्यांसमोर व्हायचं. वेळापत्रक फळ्यावर, शिक्षक इंग्रजीत विचारतोय, मुलं जमेल तसं उत्तर देतायत. एका शब्दाचं उत्तरही चालतं, शिक्षक ते पूर्ण वाक्यात सहज परत म्हणतो. मग तशाच प्रकारचं दुसरं टास्क प्रत्येकाने स्वतः सोडवायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांना निम्मं टास्क जमलं तर ते योग्य पातळीचं, हा त्यांचा अंदाज मला आजही उपयोगी पडतो. तुमच्याकडे पाच मिनिटांत जवळजवळ सगळ्यांचं सुटलं, म्हणजे ते सोपंही होतं. एक गाडी रद्द करा, एक फक्त बाजाराच्या दिवशी सोडा, मग बघा.

प्रतिसाद: दुसरी घंटा

सरांचं पटतं, पण जोड्या सोडू नका. टास्कमधून भाषा शिकवण्यावर लिहिणाऱ्या जेन विलिस यांची मांडणी मी आठवीला वापरते: टास्क, मग तयारी, मग वर्गापुढे सांगणं, आणि भाषेकडे लक्ष शेवटी. टास्क करताना मराठी आली तर मी काही म्हणत नाही. इंग्रजीची गरज नंतर पडते, कारण कुठली गाडी निवडली आणि बाकीच्या का नाकारल्या हे उभं राहून सांगायचं असतं. तयारीची दहा मिनिटं खरी मोलाची. ‘मॅडम, चुकली तर काय म्हणायचं?’ असं मुलं विचारत येतात तेव्हा ‘मिस द बस’ एकदाच सांगावं लागतं. आणि हो, दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, कागद दिसला नाही की विचारावंच लागतं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. दोन आठवडे करून बघितलं, म्हणून उशिरा लिहितेय.

फळ्यावर सगळ्यांनी मिळून आधी करणं फार कामाला आलं. ‘व्हिच बस’, ‘टू लेट’, ‘नॉट ऑन संडे’ एवढं सुरुवातीला आलं, पण न सांगता आलं. पाठीला पाठ लावल्यावर मराठी थांबली नाही, मात्र आकडे आणि ‘लीव्ह’, ‘रीच’ इंग्रजीत येऊ लागले. सांगण्याच्या वेळी गोरमाटी बोलणारी एक मुलगी उभी राहिली, आजवर तिचा आवाज मी प्रार्थनेतच ऐकला होता. ‘नाइन टेन बस गुड. टेन बस रीच इलेव्हन थर्टी. ग्रँडमदर लेट.’ क्रियापदं अर्धी, पण मुद्दा पूर्ण. तिची वाक्यं फळ्यावर लिहून आम्ही सगळ्यांनी मिळून नीट केली. त्या तासाला व्याकरण हवंय असं पहिल्यांदा मुलांना वाटलं.

परत येणाऱ्या मुलांचं मात्र अजून सुचलेलं नाही. ती चार-पाच महिने साखर कारखान्यांच्या वाटांवर असतात. गावांची नावं, अंतरं, ट्रॅक्टर, वजनकाटा हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. त्यांच्याकडची माहिती बाकीच्यांनी विचारून घ्यायची, असं एखादं टास्क कुणी केलंय का? नकाशा मी काढेन, प्रश्न कसे बांधावेत तेवढं सांगा.