ऑक्टेव्हिया व्हीआरएस ई८५ वर करायची आहे, खान्देशात कुणी केलंय का?

तापीकाठचा
राम राम मंडळी. मागच्या दिवाळीत २०१८ ची ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३० सेकंड हँड घेतली. दोन लिटर टर्बो, २३० पीएस. थंडीत गाडी वाघ. पण यंदा मे महिन्यात दुपारी भुसावळ-जळगाव रस्त्यावर, बाहेर ४४-४५ अंश असताना, पेडल दाबलं की केळीचा ट्रक ओढतोय असं वाटायचं.

यूट्यूबवर ई८५ च्या (८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) गाड्या बघून बघून डोकं फिरलंय. कोएनिगसेगची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ अश्वशक्तीची, तिचीच इथेनॉलवाली सीसीएक्सआर १०१८ ची! आणि आपल्याकडे वडिलांचा मका, मामांचा शहाद्याला ऊस. घरचं पीक टाकीत ओतायची हौस आहे म्हणा. दीड लाखापर्यंत तयारी आहे. काय काय बदलावं लागेल आणि काम कुणाकडे द्यावं?

गॅरेजमामा_भुसावळ
काम होतं भो, प्रश्न कामाचा नाही. भरणार कुठे ते आधी सांग.

पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त ओतावं लागतं. आज तू जे ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) भरतोस त्याच्या तुलनेत ई८५ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. तुझ्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे टाकीतला पंप बदलून भागत नाही. इंजिनावरचा हाय प्रेशर पंप आधी दम सोडतो, रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब) पडतं आणि पूर्ण बूस्टवर (टर्बो पूर्ण जोरात असताना) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. टर्बो गाडीत तेच सगळ्यात वाईट. तो पंप, इंजेक्टर, इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स सेन्सर, इथेनॉलला टिकणारे पाईप, वर रिमॅप (इंजिनच्या संगणकाची नवी सेटिंग). दीड लाखात यातलं अर्धंही बसणार नाही.

अ‍ॅव्हरेजचंही बघ. ई२० वर ११ देत असेल तर ई८५ वर साडेआठच्या आसपास. ५० लिटरच्या टाकीत जळगावहून पुणं जेमतेम.

अहिराणी_टर्बो
भाऊ, तुन्ही गाडी भारी शे, पन पंप कोठे शे? 😀

धुळेकर_वकील
पंपाचं: ५ जून २०२१ ला पुण्यात तीन ठिकाणी ई१०० चे (जवळपास शुद्ध इथेनॉल) प्रायोगिक पंप सुरू झाले. मग मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने पाच राज्यांत १८३ पंपांवर ई१०० आणलं, त्यात महाराष्ट्र आहे. पण ते फ्लेक्स फ्युएल गाड्यांसाठी (पेट्रोल-इथेनॉलचं कुठलंही मिश्रण चालणाऱ्या).

आणि कारखान्यातल्या ओळखीने ड्रम आणू असं मनात असेल तर विसरा. स्पिरिट परवान्याशिवाय घरात ठेवणं म्हणजे थेट १९४९ चा दारूबंदी कायदा. उत्पादन शुल्कवाले आले तर "साहेब, हे गाडीसाठी आहे" हे वाक्य त्यांनी आधीही ऐकलेलं असतं.

दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. इंधनाचा प्रकार बदलायचा तर मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद लागते. मूळ बनावटीपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. विम्याचा दावा करायची वेळ आली की सर्व्हेयर आधी इंजिनच उघडतो.

शिरपूरचा_पोलोवाला
मी केलंय, म्हणून लिहितो. पुण्यात नोकरीला होतो, ई१०० मिळायचं. एका ट्यूनरने (नाव घेत नाही) फ्लेक्स सेन्सर न लावताच इथेनॉलची रिमॅप फाईल टाकून दिली. दोन महिने काय गाडी पळाली! इथेनॉलचा ऑक्टेन (इंजिन न ठोकता जळायची ताकद) १०८ च्या पुढे आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता खूप खेचतं, त्यामुळे तापलेल्या हवेतही स्पार्क पुढे ठेवता येतो (ठिणगी लवकर पाडून जास्त ताकद काढता येते). उन्हाळ्यातल्या तुझ्या दुखण्यावर औषध म्हणून हे खरंच लागू आहे, मामा काहीही म्हणोत.

पण गावी येताना वाटेत टाकी रिकामी झाली आणि साधं पेट्रोल भरलं. फाईल इथेनॉलची, स्पार्क पुढे, इंधन ९५ ऑक्टेनचं. घाटात इंजिन ठोकायला लागलं, मी गाणी मोठ्याने लावली होती. एका पिस्टनची रिंगेची कड तुटली. सेन्सर असता तर ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) आपोआप स्पार्क मागे घेतला असता. त्या एका सेन्सरचे पैसे वाचवून इंजिन उघडलं.

गॅरेजमामा_भुसावळ
काहीही कशाला म्हणू, औषध खरंच आहे. दुकान लांब आहे एवढंच.

आणि तापीकाठच्या, तुझी गाडी आत्ताच इथेनॉलवर चालतेय. सुटे भाग ई२० ला धरून बनवणं आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून सुरू झालं, तुझी २०१८ ची. म्हणून पैसे आधी तिथे घाल: इंधनाचे रबरी पाईप, ओ-रिंगा, फिल्टर. मग इंटरकूलर (टर्बोतून येणारी तापलेली हवा गार करणारी जाळी). माझ्याकडे आलेल्या टर्बो गाड्यांत इंटरकूलरच्या पंखांत कापसाचा बोंडभर केर निघालाय. मेमध्ये हवा गार होत नाही, ईसीयू स्पार्क मागे घेतो आणि मालक इथेनॉलची स्वप्नं बघतो. प्लग नवे, ऑइल वेळेआधी, कारण छोट्या फेऱ्यांत इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. एवढं झाल्यावर पंपावरच्या ई२० लाच धरून सौम्य रिमॅप. तेही विमावाल्याला कळवून, नाहीतर वकीलसाहेब रागावतील.

नंदुरबारचा_भाचा
मधला रस्ता आहे ना. ४४ लिटर ई२० आणि ६ लिटर ई१०० टाकलं की ३० टक्क्यांच्या आसपास इथेनॉल होतं. परदेशात याच इंजिनवाले मूळ हाय प्रेशर पंपावर ३० टक्क्यांपर्यंत जातात. पुण्याला फेऱ्या असतील तर जमेल. सेन्सर मात्र हवाच. शुद्ध इथेनॉलच्या नादी लागू नका, डिसेंबरात पहाटे ८-९ अंशांत त्याची पुरेशी वाफच होत नाही. ब्राझीलमध्ये यासाठी गाडीत वेगळी छोटी पेट्रोलची टाकी द्यायचे.

तापीकाठचा
पुण्याला वर्षातून दोनदा जातो, तेही रेल्वेने 🙈 टाकीत नक्की किती इथेनॉल आहे हे घरी कळतं का?

गॅरेजमामा_भुसावळ
कळतं. १०० मिलीची काचेची मापनळी घे. १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलव, वाफ सोड, दहा मिनिटं ठेव. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर २८ वर आला तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे ९० चे २० टक्के. अंगणात कर, चुलीपासून लांब.

तापीकाठचा
केलं. रेघ २७ च्या किंचित वर. बायको म्हणते, ती नळी आता स्वयंपाकघरात आणायची नाही.

मामा, इंटरकूलर काढायला गाडी कधी आणू?

गॅरेजमामा_भुसावळ
रविवारी सकाळी, इंजिन गार असताना. पाईप मी मागवून ठेवतो, तू बामणोदची वांगी आण, भरीत तिथेच लावू.