मदत हवी आहे: कमी सामानात पोटभर काय करता?

नमस्कार मैत्रिणींनो, घरात सहा माणसं, सासूबाईंना मऊ लागतं, मुलांना रोज वेगळं हवं आणि महिनाअखेरीला भाज्या परवडत नाहीत. पिठलं, खिचडी, चकोल्या आलटून पालटून होतातच. चकोल्या सगळ्यांना जाम आवडतात, तुरीचं वरण पातळ करून चिंच-गूळ, गोडा मसाला घालायचा, खळखळून उकळी आली की कणकेचे तुकडे एकेक करून सोडते, पण तासाभरात सगळं आळून गोळा होतं आणि हे कामावरून उशिरा येतात त्यांना तेच खावं लागतं, फार वाईट वाटतं. गरम पाणी घालून परत उकळलं तर चव राहते का, की त्यांच्या वाटणीचे तुकडे ऐनवेळी सोडू? आणि शेंगोळ्या फुटू नयेत म्हणून कुळथाच्या पिठात कणीक किती घालता? डाळ, तांदूळ, बेसन, शेंगदाणे एवढ्यात होणारं अजून काही असेल तर प्लीज प्रमाणासकट सांगा, कांदा-लसूण चालतो.