‘लेस्बियन’साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

प्रश्न: आपले एका मुलीवर प्रेम आहे, असे भाचीने जेवताना सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून ‘असले संबंध’ हे शब्द निघाले आणि ती ताट सरकवून उठली. ‘समलिंगी’, ‘समलैंगिक’ की ‘लेस्बियन’, काय म्हणावे?

उत्तर १: ‘समलैंगिक’मधला ‘लैंगिक’ इतका ठळक ऐकू येतो की सारे बोलणे शय्येपाशीच अडकते, ‘समलिंगी’ त्यामानाने सौम्य, पण तो उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुरुषच येतात. म्हणून मी ‘लेस्बियन’ म्हणते. स्त्रियांवरील प्रेमाच्या कविता लिहिणाऱ्या प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोच्या लेस्बॉस बेटावरून आलेला तो शब्द परका असला, तरी ‘टेबल’ही परकेच होते.

उत्तर २: कायद्याच्या भाषेचाही यात वाटा आहे. १८६०च्या दंडसंहितेतील कलम ३७७ने अशा संबंधांना निसर्गक्रमाविरुद्ध ठरवले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध त्यातून वगळले, तरी ‘अनैसर्गिक’ हा शब्द लोकांच्या जिभेवरून गेलेला नाही.

उत्तर ३: माझ्या मते बोचला तो ‘असले’. माझी आई माझ्या जोडीदाराला अनेक वर्षे ‘हिची रूममेट’ म्हणत असे, तेही असेच लागे. भाचीलाच विचारा, ती स्वतःला काय म्हणवते. मात्र आधी त्या ‘असले’बद्दल तिची क्षमा मागा.