जिल्हा परिषद शाळेतील पाटीपूजन आणि ख्रिस्ती शिक्षिका

प्रश्न (शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा):
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहे आणि गावाला ते ठाऊक आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असते. मुले पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात, झेंडू वाहतात आणि मग आरती होते. यंदा आरतीचे ताट मी धरावे, असे मुख्याध्यापकांनी सुचवले आहे. मला मान द्यावा हाच त्यांचा हेतू आहे. परंतु मनात नसलेल्या भक्तीचा देखावा करणे मला पटत नाही, आणि नकार दिल्यास पालकांना तो अपमान वाटेल अशी धास्तीही आहे. शिवाय डिसेंबरमध्ये मुले नाताळाविषयी विचारतात, तेव्हा त्यांना किती सांगावे?

उत्तर (निवृत्त केंद्रप्रमुख):
मॅडम, संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २८ सांगतो. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही, असा निकाल नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. हक्क आहेच, तरीही अर्जफाटे न करता मुख्याध्यापकांशी आधीच एकांतात बोला, कारण हीच गोष्ट भर सभेत निघाली की मानापमानावर जाते. रांगोळी, मुलांच्या रांगा, प्रसादवाटप ही कामे आपणहून मागून घ्या आणि आरतीच्या वेळी शांतपणे उभ्या राहा.

उत्तर (शिक्षक, वसई):
मीही ख्रिस्ती आहे. प्रसादवाटपाबाबत मात्र माझे मत निराळे आहे. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पत्रातही आहे आणि आपल्यात त्याविषयी आजही एकमत नाही. तेव्हा हे काम स्वतःच्या मनाला विचारूनच घ्यावे. नाताळाचे म्हणाल, तर बेथलेहेमची गोष्ट जरूर सांगावी, पण ‘ख्रिस्ती लोकांची अशी श्रद्धा आहे’ असे म्हणून. मुलांकडून प्रार्थना म्हणून घेऊ नये, पुस्तिका वाटू नयेत. दुसरीतल्या मुलाला बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द वाटतो, म्हणून आरतीला जे माप आपण लावतो तेच नाताळालाही लावले पाहिजे.

उत्तर (पालक, पुणे):
सरकारी शाळेत आरती असावीच का, हा प्रश्न सर्वांनी सोयीस्करपणे टाळला आहे. सरस्वतीचे चित्र काढताना मुले आकडा गिरवतात, ते चालू राहू द्यावे. आरतीचे उत्तर मुख्याध्यापकांनी द्यावे, या बाईंनी का द्यावे?