जालन्याचं उदाहरण विसरू नका

मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याला पुण्यासारखं इन्क्युबेटर, म्हणजे नव्या उद्योगांना जागा, मार्गदर्शन देणारं केंद्र, द्या, हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. जालन्याकडे बघा. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेतलं ‘पुसा सावनी’ भेंडीचं वाण आणून लावलं आणि १९६४ मध्ये महिको ही बियाणं कंपनी उभी केली. पुढे तिथे बियाणं कंपन्यांची रांगच लागली. शेजारच्या देऊळगाव राजा भागात आज संकरित बियाण्यासाठी शेडनेटमध्ये बायका चिमट्याने कळीतले पुंकेसर काढतात, दुसऱ्या झाडाचा पराग लावतात, खूण म्हणून दोरा बांधतात. हे कौशल्य कुठल्या वातानुकूलित हॉलमध्ये शिकवून येत नाही हो!

पुण्याची गोष्टच निराळी. तिथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे, शिवाय कारखाने, भांडवल, सगळं हाताशी. तेच धोरण इकडे छापलं तर इमारती तेवढ्या उभ्या राहतील. माझ्या मते पैसा आधी बियाणं तपासणी, रोगनिदान, शीतगृह यांत घालावा, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या रिक्त जागा भराव्यात. शेडनेटमधल्या त्या बायकांना कुशल कामगाराचा दाखला आणि त्याप्रमाणे मजुरी मिळावी, हे तर मी धोरणातच लिहायला सांगेन.